शोधनिबंधात माहिती आहे, पण मांडणी नाही: काय करावे?

विद्यार्थिनी, फोंडा: एम.ए. (इतिहास) साठी मी १९६७ च्या जनमत कौलावर (गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करावे की नाही, यावर झालेल्या मतदानावर) शोधनिबंध लिहीत आहे. टिपणे भरपूर आहेत. मात्र मसुद्यात नुसती माहिती आहे, मांडणी नाही, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. सुरुवात कुठून करावी?

निवृत्त प्राध्यापक, म्हापसा: ‘जनमत कौल हा गोव्याच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होता’ या वाक्याशी कोणीही वाद घालणार नाही, म्हणूनच ते शोधनिबंधात निरुपयोगी आहे. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली, एवढे नोंदवून थांबू नका. ३४,०२१ मतांच्या या फरकामागे तुमच्या मते कोणते कारण प्रबळ होते, ते एका वाक्यात लिहा आणि त्याच्याशी न जुळणारा पुरावाही तिथेच तपासा. बहुतेक विद्यार्थी नेमके हेच टाळतात.

संशोधक, पणजी: सरांशी सहमत आहे. कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळताना अंकाची तारीख व पान लगेच टिपून ठेवा. मूळ मजकूर अवतरणचिन्हांत आणि स्वतःचे मत वेगळ्या शाईत लिहिले, तर पुढे दोहोंची सरमिसळ होऊन वाङ्मयचौर्याचा ठपका येत नाही. (मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांवर विसंबू नका, त्यांत नेमका पृष्ठक्रमांकच कापला जातो.)

विद्यार्थिनी, फोंडा: आभारी आहे. पण विरोधी पुरावा दिल्याने माझाच मुद्दा लंगडा पडणार नाही का?

निवृत्त प्राध्यापक, म्हापसा: तो तुम्ही वगळलात आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पुढे केला, तर पडेल.