दुबईतलं पहिलं खातं
गुहागरच्या दादांनी विचारलंय, धाकटा भाऊ पहिल्यांदाच दुबईला चाललाय तर खातं कुठल्या बँकेत काढायचं. नावापेक्षा आधी मिनिमम बॅलन्स बघा हो, तिकडे बऱ्याच बँकांत ३००० दिरहम ठेवावे लागतात आणि कमी पडले की दर महिन्याला पैसे कापतात, माझे सुरुवातीला असेच गेले, कुणी सांगितलंच नव्हतं. त्यापेक्षा सॅलरी अकाउंट घेऊदे, त्यात ही अट बहुतेक नसते. एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, हातात आला की लगेच. आणि इथलं जुनं सेव्हिंग्ज तसंच चालवू नका, नियमाने ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करावं लागतं. तिकडची कमाई ठेवायला एनआरई वेगळं काढा, व्याजावर इथे टॅक्स नाही, आईचं नावपण जॉइंट लावता येतं.