लाकडाच्या स्प्रे बूथला फिल्टर आहेत तरी वासाची तक्रार, नेमकं काय बदलू?

पॉलिशवाला
नमस्कार मंडळी. माझं फर्निचर फिनिशिंगचं छोटं युनिट आहे, दारं, शटर, टेबल टॉप असं रोज काही ना काही स्प्रेला असतंच. सीलर (खालचा थर) आणि टॉपकोट (वरचा थर) दोन्ही एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, काही कामं पीयूची म्हणजे पॉलियुरेथेनची. मागच्या बाजूच्या लोकांनी वासाची तक्रार केली, मग तपासणीला एक साहेब येऊन गेले आणि जाताना म्हणाले महिन्याला लॅकर किती, थिनर किती, वाया किती, सगळा हिशोब लिहून द्या. बूथचे फिल्टर मी वेळेवर बदलतो, मग थिनरचा हिशोब कशाला हेच कळेना. बूथवाला म्हणतो फॅन मोठा टाका आणि चिमणी उंच करा, प्रश्न मिटला. खर्चाला माझी ना नाही, पण पैसा योग्य जागी जायला हवा. संध्याकाळी पोरांची डोकी दुखतात ते मला तक्रारीपेक्षा जास्त लागतंय.

हवा_तपासनीस
दादा, त्या साहेबांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. बूथचा फिल्टर फक्त उडालेले रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ त्यातून सरळ आरपार जाते. फिल्टर कितीही नवा असला तरी. आणि वास येतो तो त्या वाफेचाच, म्हणजे टोल्युइन, झायलीन, एस्टर वगैरे.

आता हिशोब का मागितला ते बघा. समजा 10 किलो लॅकर घेतलं, त्यात घन भाग, म्हणजे वाळल्यावर लाकडावर उरतो तो, 25 टक्के, म्हणजे अडीच किलो. उरलेलं साडेसात किलो सॉल्व्हंट, म्हणजे उडून जाणारा पातळ भाग. वरून 5 किलो थिनर टाकलं की झालं साडेबारा किलो. हे साडेबारा किलो आज ना उद्या सगळंच्या सगळं हवेत जाणार, थोडं बूथमध्ये, थोडं वाळायच्या रॅकवर, थोडं गन धुताना. म्हणून यंत्र लावून मोजत बसायची गरजच नाही, किती विकत आणलं आणि किती वाया म्हणून परत पाठवलं याचा फरक काढला की हवेत किती गेलं ते कळतं. जगभरातले नियम याच हिशोबावर उभे आहेत. अमेरिकेत 1995 च्या नियमात मोठ्या फर्निचर कारखान्यांना एक किलो घन भागामागे घातक सॉल्व्हंट जास्तीत जास्त 1 किलो, नवीन कारखान्यांना 0.8 किलो. लॉस एंजेलिसच्या भागात टॉपकोट आणि सीलरला लिटरमागे 275 ग्रॅम व्हीओसीची (हवेत उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटची) मर्यादा आहे, पाणी वजा करून, म्हणजे पाणी ओतून आकडा कमी दाखवायची सोय नाही. युरोपात वर्षाला 15 टनांच्या वर सॉल्व्हंट वापरणाऱ्या लाकडाच्या कोटिंगवाल्यांना चिमणीतून जाणाऱ्याची मर्यादा वेगळी आणि दारं-खिडक्या, उघडे डबे यातून निसटणाऱ्याची वेगळी. तुमच्याकडे कुठला आकडा लागू होतो ते त्याच साहेबांकडून लेखी घ्या, तोंडी नको.

चिमणीबद्दल स्पष्ट सांगतो. वाफ वर नेऊन सोडली तर मागच्यांचा वास कमी होईल, पण वाफ आहे तेवढीच राहते. ऊन आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मिळाले की तिच्यातून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो बराच लांब, भलत्याच कुणाच्या छातीत जातो. म्हणून फक्त चिमणीवर कुठलाही शहाणा अधिकारी समाधानी होणार नाही.

गन_मास्टर
वरचं सगळं पटलं, आता कारागिराच्या बाजूने सांगतो. आधी गन बघा. साधी जुनी गन असेल तर मारलेल्या मालातला तीस टक्के लाकडावर बसला तरी नशीब, बाकी सगळा ढग होऊन फिल्टरवर. एचव्हीएलपी गन, म्हणजे जास्त हवा पण कमी दाबाने सोडणारी, तिला कॅपवर (गनच्या तोंडाशी) 10 पीएसआयच्या आत प्रेशर, माल उडत नाही, हात नीट असेल तर 65 टक्क्यांपर्यंत बसतो. वरच्या हिशोबात साडेबारा किलोच्या जागी सहा किलोच्याही खाली वाफेत काम होतं, फिनिश तेवढंच. पण नुसती गन बदलून होत नाही, पोरांना अंतर सहा ते आठ इंच ठेवायला, गन लाकडाला काटकोनात धरायला आणि कडेच्या बाहेर जाऊन ट्रिगर सोडायला शिकवावं लागतं, नाहीतर नवीन गनने पण तोच ढग.

दुसरं वॉटर बेस, म्हणजे बहुतेक सॉल्व्हंटच्या जागी पाणी असलेला माल. लोक उगाच घाबरतात. पहिल्या कोटला लाकडाचे रेषे उभे राहतात हे खरंय, म्हणून आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसायचं, रेषे उठू द्यायचे, सुकल्यावर बारीक पेपर हलक्या हाताने मारायचा आणि मगच सीलर. दमट दिवसात सुकायला वेळ लागतो, तिथे हवा खेळती हवी. गनमध्ये स्टेनलेस स्टीलचे पार्ट हवेत, साधं लोखंड गंजतं. सगळं एकदम बदलू नका, आधी शटरच्या आतल्या बाजू आणि ड्रॉवर वॉटर बेसवर घ्या, हात बसला की समोरच्या बाजू.

सेफ्टी_ताई
डोकेदुखीचं वाचून राहवलं नाही. सॉल्व्हंटच्या वाफेने डोकं दुखतंच, पण पीयूच्या हार्डनरमधला आयसोसायनेट त्याहून वाईट, त्याचा वास येईपर्यंत धोका होऊन गेलेला असतो आणि एकदा दम्यासारखा त्रास मागे लागला की थोड्याशा मालाने पण उठतो. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क लावा, साध्या काडतुसाच्या मास्कवर भरवसा ठेवू नका. युरोपात ऑगस्ट 2023 पासून कामावर असा माल वापरणाऱ्यांना ट्रेनिंग सक्तीचं केलंय ते उगाच नाही. आणि अॅसिडने सेट होणारं मेलामाइन पॉलिश मारत असाल तर वाळताना फॉर्मल्डिहाइड सुटतो, रॅक पोरं जेवायला बसतात त्या खोलीत अजिबात नको.

पॉलिशवाला
ताई, रॅक खरंच बसायच्या जागेला लागून आहे, उद्याच हलवतो. हवा_तपासनीस साहेब, एक विचारायचं राहिलं, मग कार्बन फिल्टर लावला तर? एक जण लावून देतो म्हणतोय.

हवा_तपासनीस
कार्बन वाफ धरतो, खोटं नाही, पण भरला की धरायचं थांबतो आणि बाहेरून बघून ते कळत नाही. बाहेर पडणाऱ्या हवेत वाफ मोजायची सोय आणि कार्बन बदलायचा ठरलेला दिवस, दोन्ही लेखी मिळत असेल तरच घ्या. त्याच्या आधी कणांचा चांगला फिल्टर पाहिजेच, नाहीतर लॅकरची भुकटी बसून आठवड्यात चोंदेल. वाफ जाळणारी भट्टी, जी साधारण 800 अंशांवर चालते, ती तुमच्या आकाराला परवडणार नाही, बूथच्या हवेत वाफ इतकी पातळ असते की इंधनच जास्त जळेल. त्यामुळे आधी गन आणि माल बदला, मग जेवढी वाफ उरेल त्या आकड्यावर कार्बनचा साइज काढा, मोठं यंत्र आधी घेतलं तर तो पैसा वाया.

आणि आजपासून गन झाकणवाल्या वॉशरमध्ये धुवा, हवेत थिनर फवारून साफ करायचं बंद. थिनरचे डबे, मिक्स केलेला माल, भिजलेली फडकी, सगळ्याला घट्ट झाकण. जवसाच्या तेलाची फडकी असतील तर झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवा, ती गोळा करून टाकली तर आपोआप पेटतात. वहीत तारीख, माल, थिनर किती मिसळलं आणि वाया थिनर किती परत गेलं एवढेच चार रकाने पुरेत, तीन महिन्यांची वही घेऊन जा साहेबांकडे.