इस्रायलहून मित्राचे आईवडील येतायत, आडनावाचं गाव दाखवायचंय

भटक्या_जीव: ऑफिसातला मित्र इस्रायलमधल्या अश्दोदचा, बेने इस्रायल (म्हणजे कोकणातले मराठी ज्यू). आडनाव अलिबाग तालुक्यातल्या एका गावावरून आलेलं. आईवडील लग्नानंतर मुंबई सोडून तिकडे गेले, घरी अजून मराठीच बोलतात. आता त्यांना गाव बघायचंय, पण तिथे ओळखीचं कुणीच नाही. कुठे नेऊ?

अष्टागरवाला: आधी नवगाव. पूर्वजांचं जहाज फुटलं नि सात पुरुष, सात बायका वाचल्या अशी परंपरा सांगतात, ते हेच गाव, तिथे जुनं कब्रस्तान आणि स्मारक आहे. मग अलिबागची इस्रायल आळी, तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), पण आधी फोन करून विचारा आणि सगळ्यांचे पासपोर्ट जवळ ठेवा, असंच गेलात तर गेटवरूनच परत यावं लागेल.

भायखळ्याचा: खरं सांगू का, गावात फार काही सापडणार नाही. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले जायचे खरे, पण कितीतरी घरं दीडदोनशे वर्षांपूर्वीच लष्करात नाहीतर नोकरीला मुंबईला आली. त्या काका-काकूंचं खरं गाव बहुतेक डोंगरी, उमरखाडी नाहीतर जेकब सर्कल निघेल. त्यांना विचार कुठल्या शाळेत होते, तिथे ने, बघ कसे बोलायला लागतात.

अष्टागरवाला: @भायखळ्याचा अर्धं पटलं. पण तिकडून लोक येतात ते घर बघायला नाही, नवस फेडायला. खंडाळ्याला (लोणावळ्याचं नव्हे, अलिबागजवळचं) एलियाहू हनाबीचा (ज्यूंचा प्रेषित) खडक आहे, त्यावर रथाच्या नि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात, तिथे मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गोडाला साखर नाहीतर गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, ताटात भोवती फळं, आणि त्यावर हिब्रूत प्रार्थना. काकूंना सांगा, पोहे-नारळाची तयारी त्याच करतील.

लोद_ते_लोअरपरळ: आमची मावशी इस्रायलमध्ये लोदला असते. तिकडेही मलिदा होतो, 1 मेला महाराष्ट्र दिन करतात, मराठीत 'मायबोली' नावाचं मासिकही निघायचं. तरी खंडाळ्याची माती वेगळी म्हणते, आणि परत जाताना बॅग अर्धी चकलीच्या भाजणीने भरते 😄

भटक्या_जीव: भारी! म्हणजे शनिवारी नवगाव-अलिबाग, रविवारी मुंबई असं ठेवू?

अष्टागरवाला: अरे शनिवारी कसं, शब्बाथ असतो, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस! ते पाळत असतील तर शुक्रवारी संध्याकाळपासून गाडीतच बसणार नाहीत. रविवारी अलिबाग कर, पण मांडव्याच्या बोटीला गर्दी असते, तिकिटं आधीच काढ.