गणपतीला गावी जाताना मेन पाडायचा की नाही?

घोडबंदरकर
दहा-बारा दिवस कोकणात, ठाण्यातला फ्लॅट बंद. भाद्रपद जवळ आला की सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान फिरतं, "मेन पाडून जा." म्हणजे घराचा मुख्य स्विचच खाली करायचा. मला हे पटत नाही. गिझर, एसी, वॉशिंग मशीनचे एमसीबी (प्रत्येक लाइनचे वेगळे खटके) खाली करा, फ्रिजचा वर राहू द्या. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली. १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. घरात एक दिवा नसला तरी इन्व्हर्टर स्वतः २० वॉट खात असेल तर चौथ्या दिवशी ती संपली. मग आठवडाभर रिकामी पडून प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅकअप कायमचा घटतो.

तीन पेट्रोल पंप
हा दोष मेनचा नाही, इन्व्हर्टर चालू सोडणाऱ्याचा आहे. आदल्या दिवशी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर फ्लोटच्या (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काडीच्या) खुणेपर्यंत भरा, रात्रभर चार्ज होऊ द्या. निघताना इन्व्हर्टरचं बटण बंद, मेन खाली, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. परत आल्यावर ती सगळ्यात शेवटी जोडा. अशी सुटी ठेवलेली ट्युब्युलर बॅटरी महिनाभरात थोडीशीच उतरते.

मेन पाडायचं खरं कारण न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची तार. पावसाळ्यात मीटर रूम ओल धरते. तिथे सगळ्या घरांचा मिळून असलेला न्यूट्रल सैल झाला तर सिंगल फेजच्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपासही येऊ शकतात. तेव्हा फ्रिजचा बोर्ड जातो, राउटर जातो, आणि बंद घरात धूर बघायला कोणी नसतं.

वाशी सेक्टर १७
त्यासाठी डीबीमध्ये (घरातल्या खटक्यांच्या पेटीत) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसतो की. २७० व्होल्टच्या आसपास कट, परत जोडताना तीन मिनिटं थांबेल असा लावा, कॉम्प्रेसरसाठी. (सर्ज प्रोटेक्टर इथे कामाचा नाही, तो क्षणभराच्या झटक्यासाठी.)

तीन पेट्रोल पंप
आणि आरसीसीबी (वीज अर्थमध्ये गळली की पुरवठा तोडणारा खटका) ट्रिप झाला तर? बहुतेक फ्लॅटांत ३० मिलिअँपिअरचा एकच असतो. गिझरचं भिंतीवरचं बटण बंद केलं तरी ते फक्त फेज तोडतं. एलिमेंटमधून न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना भेटले असतील तर फ्रिज चालू असतानाही आरसीसीबी पडू शकतो. पहिल्याच रात्री पडला तर दहा दिवस आत सुरमई. त्या वासाला बेकिंग सोडाही हात टेकतो.

घोडबंदरकर
हे मान्य. म्हणून गिझरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा एमसीबी हवा, आणि जमलं तर फ्रिजला वेगळा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच). पण मासे ठेवून जायला सांगितलं कुणी? मसाले, लोणी, औषधं एवढंच ठेवा. फ्रीझरमध्ये वाटीत बर्फ करून वर रुपयाचं नाणं ठेवा. आल्यावर ते बर्फाखाली बुडालेलं दिसलं तर मधे वीज बराच वेळ गेली होती, आतलं फेकून द्या.

कोपरीची ताई
औषधं शेजारी द्या, बाकी रिकामा करा. फक्त बंद फ्रिजचं दार मिटून जाऊ नका! या हवेत चार दिवसांत रबरावर काळी बुरशी येते. आदल्या रात्री डीफ्रॉस्ट करा, कॉम्प्रेसरवरचा ट्रे ओता, आतून कोरडा पुसा, दारात गुंडाळलेला टॉवेल अडकवा.

वाशी सेक्टर १७
इन्सुलिन असलेल्या घराला हा सल्ला चालत नाही. रोज कोणाच्या दारी जायचं?

कोपरीची ताई
इन्सुलिन घेणारा माणूसच गावी गेलाय ना? थंड पिशवीतून त्याच्याबरोबर जाईल. बरं, सगळे विजेवरच अडलात. जेट स्प्रेची वेणीची नळी फुटली तर खालच्या घराचं पीओपी उतरतं. बाथरूमचे स्टॉपकॉक आवळून बंद करा, गिझरच्या इनलेटचाही. पाइप गॅसचा शेगडीआधीचा कॉक पाइपला आडवा करून बंद करा.

तीन पेट्रोल पंप
स्टॉपकॉक वर्षभर फिरवलेला नसेल तर निघायच्या दिवशी हात लावू नका. ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) थेंब गळायला लागले तर प्लंबर तेव्हा कुठून आणणार? आठवडाभर आधी फिरवून बघा.