ल कॉर्बुझिए बघायला फ्रान्स: पाच दिवस, गाडी नाही

अंगणवेल:
ऑक्टोबरात ३ दिवस पॅरिस, २ दिवस लियाँ. गाडी भाड्याने घेणार नाही. चंडीगड पाहिलंय. ते आखणाऱ्या वास्तुरचनाकार कॉर्बुझिएच्या कोणत्या वास्तू निवांत बघून होतील? राँशाँचं चॅपल पॅरिसहून एका दिवसात जमेल का?

गिलावा:
पॅरिसजवळ प्वासीतलं व्हिला सावॉय हे घर (१९३१) सोडू नका. आरईआर ‘ए’ या उपनगरी रेल्वेला पश्चिमेकडे फाटे फुटतात, फलकावर ‘प्वासी’ असेल तीच गाडी धरा, नाहीतर सेर्जीला पोचाल. स्टेशनपासून बस, किंवा पायी अर्धा तास. तळमजल्याची भिंत गोलाकार आहे ती हौसेखातर नव्हे: खांबांमधून मोटार वळवून आणायची होती, त्या वळणावरून तो बाक ठरला. वर रॅम्पने जा, उतरा जिन्याने. घर दोन्ही वेळा वेगळं दिसतं. सपाट छप्पर मात्र सुरुवातीपासून गळकं. मालकीणबाईंनी कॉर्बुझिएला तक्रारीची पत्रं लिहिली होती!
त्याच दिवशी पॅरिसमधलं त्याचं दुसरं घर मेझाँ ला रोशही होईल, मेट्रो ९, स्टेशन जास्मँ. सावॉय सोमवारी बंद, ला रोश रविवारीही. म्हणजे मंगळवार ते शनिवारातला दिवस ठेवा.

वळचण:
लियाँहून ला तुरेतचा मठ. सँ-पॉल स्टेशनवरून ट्राम-ट्रेनने लार्ब्रेल, पुढे साधारण २ किमी चढ. आतला भाग मार्गदर्शकासोबतच दाखवतात, तोही ठरावीक दिवशी. आधी नोंदणी केली नाही तर बाहेरून बघून परतावं लागेल. त्यापेक्षा तिथेच एक रात्र राहा, साधूंच्या खोल्या पाहुण्यांना मिळतात. रुंदी १.८३ मीटर, छत २.२६ मीटर: मोड्युलर या कॉर्बुझिएच्या मापपद्धतीतल्या माणसाची उंची आणि त्याचा वर केलेला हात. न्हाणीघर सामाईक. खिडक्यांतल्या काँक्रीटच्या पट्ट्या कुठे दाट, कुठे विरळ आहेत, ती लय झेनाकिस या संगीतकाराची. तो तेव्हा कॉर्बुझिएकडे कामाला होता. असल्या खिडक्या चंडीगडलाही आहेत, ताडून बघा.

पन्हळ:
राँशाँ एका दिवसात नको. तेजेव्हे या वेगवान गाडीने बेल्फोर-माँबेल्यारपर्यंत अडीच तासांच्या आसपास लागतात, पण पुढे राँशाँला थांबणाऱ्या लोकल मोजक्या. एक चुकली की दिवस संपला. स्टेशनपासून टेकडीचा चढही आहेच. जायचंच तर लियाँचा एक दिवस कापून बेल्फोरला मुक्काम करा आणि परतीची गाडी आधी ठरवा. आत शिरल्यावर आधी वर बघा: छत भिंतींवर टेकलेलं नाही, मधल्या अरुंद फटीतून उजेड येतो. पाऊस असेल तर पश्चिमेकडे जा, सगळ्या छताचं पाणी तिथल्या एकाच पन्हळीतून खालच्या टाकीत पडतं.