डकटेल्सचा पूर्ण सेट अन् नोटाचं बटन

राजेहो, इथं एका भाऊनं लिहिलं का दूरदर्शनवर लागे त्या डकटेल्स कार्टूनचे डीव्हीडी सेट घेऊन टाका, सगळे भाग भेटतात. तसं नाही ना बाप्पा. एकूण भाग 100, डिस्नेनं 2005 ते 2007 मध्ये तीन सेट काढले त्यात 75 च बसले अन् उरलेले 25 थेट 2018 ले आले, तेही अमेरिकेतल्या डिस्नेच्या मूव्ही क्लबच्या मेंबरसाठी. दूरदर्शनवाला हिंदी आवाज त्यात नाहीच.

आमच्या आठवडी बाजारात झेरॉक्स मारलेल्या कव्हरची सीडी भेटे, वर मोठ्ठं 'संपूर्ण कार्टून', आत चार भाग, चौथा अर्ध्यात अडकलेला, अन् तेवढ्यात लाईन गेली का बसा बोंबलत. पुढं मोझर बेअर कंपनीनं 28 रुपयात व्हीसीडी काढली तेव्हा कुठं कव्हरवरचं आत सापडायले लागलं.

आता इथंच नोटा, म्हणजे मतयंत्रावरचं 'यापैकी कोणीच नाही'चं बटन, दाबा म्हणणाऱ्या दादांचं. बटन 2013 पासून आहे, पण आमदारकीत नोटाले सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढं तोच निवडून येते. मग फायदा काय? बरं, ज्याले निवडलं तो तरी कुठं टिकते, पक्षांतरबंदी 1985 पासून आहे पण दोन तृतीयांश मिळून गेले का विलीनीकरण म्हणून मोकळे. कापसाच्या भावाचं भाषण ठोकलं एका झेंड्याखाली, हार घातला दुसऱ्याच्या. मले तर आता फक्त ग्रामपंचायतीच्याच मतदानात जीव वाटते, नळ बंद पडला तर तो माणूस पानटपरीवर सापडते तरी.

अन् हो, जंगल बुकचे दूरदर्शनवाले भाग कोणाजवळ जुन्या कॅसेटवर असतील तर सांगा, व्हीसीआर आहे आपल्याकडं चालू.