युद्धातील चित्रफितींवर विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा?

जिज्ञासू:

नमस्कार. युद्ध कुठलेही असो, एखाद्या हत्याकांडाची चित्रफीत बाहेर आली की काही तासांतच एक बाजू तिला पुरावा म्हणते आणि दुसरी ती बनावट असल्याचे सांगून हात झटकते. २०२२च्या एप्रिलमध्ये युक्रेनमधील बुचा येथे रस्त्यांवर पडलेल्या मृतदेहांची दृश्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा रशियाने तो सारा बनाव ठरवला. रशियन सैन्य तेथे असतानाच ते मृतदेह रस्त्यावर होते, हे उपग्रहांच्या छायाचित्रांतून दिसून आल्यावरही ज्यांना मानायचे नव्हते त्यांनी मानले नाही. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने हवे ते दृश्य तयार करता येते, आणि त्यामुळे खरे दृश्यही खोटे म्हणून उडवून लावणे सोपे झाले आहे. अशा वेळी सामान्य वाचकाने कशाच्या भरवशावर मत बनवावे? लोकमत इतके दुभंगलेले असताना युद्धगुन्ह्यांचा जाब कोणी आणि कसा विचारायचा?

पडताळणी:

भरवसा वृत्तसंस्थेच्या नावापेक्षा, तिने आपल्या निष्कर्षापर्यंतची वाट किती उघडपणे दाखवली आहे यावर ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

आफ्रिकेतील कॅमेरून या देशाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सैनिकांनी दोन स्त्रिया आणि दोन मुलांना गोळ्या घातल्याची चित्रफीत जुलै २०१८मध्ये पसरली आणि तेथील सरकारने ती खोटी बातमी असल्याचे जाहीर केले. बीबीसीच्या आफ्रिकेतील शोधपथकाने मग काय केले, तर चित्रफितीच्या सुरुवातीला मागे काही क्षण दिसणारी डोंगररांग उपग्रह-चित्रांवरून तयार केलेल्या भूरूपाशी जुळवली आणि जागा देशाच्या अगदी उत्तरेकडील झेलेवेत गावाजवळची असल्याचे निश्चित केले. त्या परिसरातील कोणत्या इमारती कोणत्या तारखेच्या उपग्रह-चित्रात आहेत आणि कोणत्या नाहीत, यावरून घटना नोव्हेंबर २०१४ ते फेब्रुवारी २०१६ या काळातील असल्याचे समजले. चालणाऱ्या सैनिकाच्या सावलीची लांबी आणि दिशा मोजून हा कालावधी २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ इतका आवळत आणला गेला. यातील प्रत्येक पायरी कोणालाही स्वतः तपासून पाहता येईल अशी मांडली होती. दरम्यान सरकारने भूमिका बदलून सात सैनिकांना अटक केल्याचे सांगितले आणि २०२०मध्ये त्यांपैकी चौघांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. सरकारच्या शब्दाविरुद्ध वृत्तसंस्थेचा शब्द, एवढ्यावरच हे प्रकरण राहिले असते तर ते केव्हाच विसरले गेले असते.

नोंदवही:

पडताळणीचे महत्त्व मान्य आहे, पण मूळ चित्रफीतच नाहीशी झाली तर पडताळायचे काय, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. २०१७मध्ये यूट्यूबने हिंसक मजकूर स्वयंचलित यंत्रणेद्वारे हटवायला सुरुवात केली आणि सीरियातील अत्याचार जिवावर उदार होऊन टिपणाऱ्यांच्या चित्रफितीही त्यात काढल्या गेल्या. काही परत मिळाल्या, पण सगळ्या नाहीत. म्यानमारमधील लष्करप्रमुखांचे खाते फेसबुकने २०१८मध्ये बंद केले, ते योग्यच होते. मात्र रोहिंग्यांच्या वंशसंहाराचा आरोप घेऊन आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध उभ्या राहिलेल्या गांबिया या आफ्रिकी देशाने हटवलेल्या मजकुराची मागणी केली, तेव्हा कंपनीने अमेरिकेतील न्यायालयात तिला विरोध केला.

जपलेला पुरावा मात्र राजकीय कोंडीतूनही वाट काढतो. सीरियाचे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवण्याचा ठराव मे २०१४मध्ये सुरक्षा परिषदेत रशिया आणि चीनच्या नकाराधिकारामुळे फेटाळला गेला. त्यानंतर डिसेंबर २०१६मध्ये आमसभेने पुरावे गोळा करून जपणारी स्वतंत्र यंत्रणा स्थापन केली. जर्मनीने तर, गुन्हा कुठेही घडला असला तरी खटला चालवता येतो या तत्त्वावर, सीरियाच्या गुप्तचर खात्यातील माजी कर्नलला कोब्लेन्झ येथे जानेवारी २०२२मध्ये जन्मठेप सुनावली.

जिज्ञासू:

दोघांचेही मनापासून आभार. मग खोट्या आणि चिथावणीखोर प्रचाराला वेळीच आळा घालण्याचा अधिकार सरकारांना द्यावा का?

सीमारेषा:

माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे, कारण खरे काय हे ठरवण्याचा अधिकार मिळाला असता तर कॅमेरूनच्या सरकारने ती चित्रफीत पहिल्याच दिवशी दडपली असती. याचा अर्थ शब्दांना कायदा लागूच नाही असा नव्हे. रवांडात १९९४च्या वंशसंहारात आरटीएलएम या रेडिओ केंद्राने तुत्सी समाजाच्या लोकांच्या हत्यांना चिथावणी दिली आणि २००३मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याच्या संस्थापकांना दोषी ठरवले. अपिलात, २००७मध्ये, वंशसंहाराच्या चिथावणीचा ठपका केवळ वंशसंहार सुरू झाल्यानंतरच्या, म्हणजे ६ एप्रिल १९९४नंतरच्या, प्रसारणांपुरता मर्यादित करण्यात आला आणि शिक्षाही कमी झाल्या. द्वेष पसरवणारे बोलणे आणि वंशसंहाराची थेट चिथावणी यांत न्यायाधीशांनी केलेला हा फरक अनेकांना बोचला, तरी तो मला आवश्यक वाटतो, कारण तो पुसट झाला की कोणत्याही सरकारला टीकाकारांवर तेच कलम लावता येईल.

सरकारांनी कायदा करायचाच असेल तर तो जपणुकीसाठी करावा. युद्धाशी संबंधित मजकूर लोकांच्या नजरेआड करण्याची मुभा कंपन्यांना असावी, पण तो कोणी, केव्हा टाकला या तपशिलासह सांभाळून ठेवणे आणि न्यायालयाने मागितल्यास ठरावीक मुदतीत देणे त्यांच्यावर बंधनकारक असावे.